तळघराच्या दाराशी

डोळे मिटा बरं. नीट मिटा. एक डोळा किलकिला ठेवून माझ्याकडे बघणारे असतात काही, मला माहीत आहे. चौतीस वर्षं शिकवलंय मी.

आता समजा, तुम्ही एका बंद पडलेल्या दवाखान्यात उभे आहात. लांबच लांब व्हरांडा, खाटा उलट्यापालट्या पडलेल्या. तुमच्या हातात बॅटरी आहे, पण तिचा उजेड चार पावलांपलीकडे जात नाही आणि तोही पिवळा पडत चाललाय. समोर एक दार. दारापलीकडे तळघरात उतरणाऱ्या पायऱ्या. खालून कुणीतरी जड काहीतरी फरफटत नेत असल्यासारखा आवाज येतोय. थांबतोय. पुन्हा येतोय. तुमच्या मागचा रस्ता मोकळा आहे. कुणी अडवलेलं नाही. सरळ घरी जाता येईल, दूध पिता येईल, पाढे म्हणता येतील.

तरी खाली उतराल का?

उतरू म्हणणाऱ्यांनी हात वर करा. बघा, किती हात वर आहेत! उघडा डोळे. हात का वर केलात, ते आत्ता सांगू नका. मी तुम्हाला तृप्ती वाढईची गोष्ट सांगतो, मग विचार करा.

त्या वर्षी मी सावरगोंदीच्या खाण कॉलनीतल्या शाळेत होतो. निवृत्तीला सात महिने उरले होते आणि मी थकलो होतो. गुडघे थकले होते ते वेगळं. गणपतीनंतर कोळशाच्या खाणीत छत कोसळलं. शंकर टेकाम नावाचा पंचविशीतला पोरगा गेला. त्याच्यासोबत अडकलेला मधुकर वाढई नऊ तासांनी जिवंत बाहेर आला. तेव्हापासून रोज प्रार्थनेनंतर मुलांसमोर उभं राहून धीराचं काहीतरी बोलायचं काम मुख्याध्यापकांनी माझ्याकडे दिलं. बोलत गेलो. पोरांना धीर देता देता माझ्याजवळचा संपला.

कॉलनीत तीन पाळ्या चालायच्या, त्यामुळे कुणाचा ना कुणाचा बाप दिवसाही झोपलेला असायचा. तिथली मुलं म्हणून हळू बोलायची. खेळतानासुद्धा आरडाओरडा नाही. त्यामुळे एका दुपारी शाळा सुटल्यावर संगणकाच्या खोलीतून किंकाळी ऐकू आली, तेव्हा मी चपला न घालताच धावलो.

खोलीत पाच संगणक होते, त्यातले तीन चालायचे. पडद्यावर ऊन येऊ नये म्हणून खिडक्यांना पुठ्ठे लावलेले. अंधारात सात-आठ पोरं एका संगणकाला मुंग्यांसारखी चिकटली होती.

"काय झालं?"

"काही नाही सर," बंटी मेंढे म्हणाला. छातीवर हात, चेहरा घामेजलेला आणि तोंडभर हसू. "नर्स आली."

"कोण नर्स?"

"बिनतोंडाची."

बंटीच्या मामानं नागपूरहून आणलेल्या सीडीवर तो खेळ होता. मी रागवायचं ठरवलं होतं, पण पोरांनी मला खुर्चीत बसवलं. "सर, एक डाव. फक्त व्हरांडा पार करा." मी पार केला. दार उघडलं. दारामागून ती बिनतोंडाची बाई अशी अंगावर आली की मी खुर्चीसकट मागे पडलो.

"सर भ्याले! सर भ्याले जी!"

कित्येक दिवसांत शाळेत इतक्या मोठ्यानं कुणी हसलं नव्हतं. मीही हसलो. धोतर झटकत उठलो आणि विचारलं, "अरे, इतकी भीती वाटते तर खेळता कशाला?"

"वाटते म्हणूनच तर खेळतो ना सर," बंटी म्हणाला. "पोटात गोळा येते, अन् मग एकदम हसू येते. अन् लय झालं तर बटण दाबलं की बंद! घरी बाबा वरडले तर बंद करायले बटण कुठं आहे?"

पुन्हा हशा. त्या हशात एक आवाज नव्हता. कोपऱ्यातल्या संगणकावर कानांना हेडफोन लावून एक मुलगी एकटीच तो खेळ खेळत होती. ती तृप्ती. सहावीतली. मधुकर वाढईची मुलगी.

वाढईचं काम काय होतं ते सांगायला हवं. खाणीत रोज पाळी सुरू होताना एक माणूस लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन सगळ्यांच्या पुढे जातो आणि डोक्यावरचं छत ठोकून बघतो. घण्ण वाजलं तर छत घट्ट. भद्द वाजलं तर आत पोकळी झालेली, मग तो भाग पाडून घ्यायचा किंवा खाली टेकू लावायचा. तो म्हणेल "चला" तेव्हाच बाकीचे आत जातात. मधुकर हे काम एकोणीस वर्षं करत होता. त्याच्या कानांचा सगळ्या खाणीत दबदबा होता. वाढईनं ठोकलं म्हणजे झालं, असं लोक म्हणायचे.

अपघातानंतर तो खाली उतरला नव्हता. डॉक्टरांनी त्याला धडधाकट ठरवलं होतं, तरी दोनदा तो खाणीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आला होता. मग कचेरीचं पत्र आलं. येत्या सोमवारी दुसऱ्या पाळीला हजर व्हा, नाहीतर नोकरी संपली असं समजा आणि क्वार्टर रिकामं करा. कॉलनीत कुठलीच गोष्ट झाकून राहत नाही. तृप्तीची आई नंदाबाई माझ्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्याची चौकशी करून गेली होती. वाढईचं गाव होतं दूर, आणि तिथली शाळा चौथीपर्यंत.

मी दोन-तीन दिवस तृप्तीवर नजर ठेवली. ती रोज यायची, कोपऱ्यातल्या संगणकावर बसायची आणि दर वेळी तळघराच्या दाराशी येऊन थांबायची. त्या खेळात दाराला कान लावून ऐकायचं एक बटण होतं. ती ऐकायची, दार उघडायची, चार पायऱ्या उतरायची आणि हातातली बॅटरी विझवायची. पडदा काळाकुट्ट. त्या काळोखासमोर ती ताठ बसून राहायची. टेबलाच्या कडेला धरलेली तिची बोटं पांढरी पडायची. काही वेळानं ती खेळ बंद करून दप्तर उचलायची.

बुधवारी मी विचारलं, "बॅटरी का विझवतेस गं?"

"सेल वाचतात सर."

"आणि पुढे का जात नाहीस?"

"जाईन."

"घरी झोप लागते का?"

"लागते ना जी," ती म्हणाली. डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं.

मी मास्तर माणूस. मला वाटलं, आधीच घरात ही दशा, त्यात पोरगी भुतांच्या नादी लागली. हे थांबवलं पाहिजे. गुरुवारी दुपारी मी तिच्या घरी गेलो.

दुपारचे चार वाजले होते, बाहेर लख्ख ऊन, तरी घरातले सगळे दिवे चालू. मधुकर खाटेवर बसला होता. हाडापेरानं दणकट, पण अंगातली हवा काढून घेतल्यासारखा. नंदाबाईनं पाणी दिलं. मी म्हटलं, "वाढई, तृप्ती शाळेत भुताटकीचा खेळ खेळते. अंधारात जायचं, कुणीतरी अंगावर येतं, असलं काहीतरी. मन कोवळं असतं. तुम्ही तिला समजवा."

मधुकरनं डोक्यावरच्या दिव्याकडे पाहिलं.

"मी समजवू?" तो म्हणाला. "भिऊ नको म्हणून?"

मला माझी चूक कळली, पण शब्द तोंडातून गेले होते.

नंदाबाई मधे पडली. "सर, हे दिवसा दिवे लावून बसतात. पोट्टी तिकडं काळोखात जाऊन बसते. मी कोणाले काय समजवू, तुम्हीच सांगा."

मी निघालो. चढ चढताना दोनदा थांबलो. आपल्याला आता हे झेपत नाही, एवढंच मनात आलं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी संगणकाची खोली बंद करायची असं ठरवून गेलो. बाकीची पोरं कबड्डीच्या मैदानावर होती. तृप्ती एकटी आत बसली होती. मी काही बोलणार इतक्यात मागे चाहूल लागली. दारात मधुकर उभा होता. घरातून निघताना सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली.

"तृप्ते," त्यानं हाक मारली. आत मात्र पाऊल टाकेना. उंबरठ्यावर उभा राहून चौकट घट्ट धरली.

मी जाऊन दोन खिडक्यांचे पुठ्ठे काढले. ऊन आत आलं. मग तो आला आणि मुलीच्या शेजारच्या स्टुलावर बसला.

"काय खेळून राहिली व तू? दाखव मले."

तृप्तीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं खेळ लावला. व्हरांडा, खाटा, तीन दारं आणि चौथं तळघराचं. दाराला कान. पायऱ्या. आणि तिनं बॅटरी विझवली.

"हे काउन विझवलं?" मधुकर म्हणाला.

"असंच."

"असंच नाही. मी इचारून राहिलो."

तृप्ती पडद्याकडेच बघत होती. "तुमच्या टोपीवरचा दिवा विझला होता ना बाबा. आई मावशीले सांगत होती, मी ऐकलं. तुम्ही कसे बसले असान ते पाहत होती मी." ती थांबली. "मले पाच मिनिटाच्या वर जमत नाही. काही होत नाही, नर्सही येत नाही, तरी जमत नाही. तुम्ही नऊ तास बसले. अन् लोक म्हणते वाढई भितरा आहे."

मी खिडकीशी उभा होतो. काढलेले पुठ्ठे उगाच एकावर एक रचत राहिलो.

"भेव अंधाराचा वाटते," मधुकर सावकाश म्हणाला. "नाही म्हणत नाही. पण एकोणीस वर्सं अंधारातच काढले ना व. तो भेव जाते." त्यानं तळहातानं आपला कान चोळला. "त्या दिवशी मीच ठोकलं होतं. चांगलं वाजलं. मी म्हटलं, चला. टेकाम माझ्या मागं होता."

तृप्ती वळून त्याच्याकडे बघू लागली.

"आता खाली गेलो अन् म्हटलं, चला, अन् माझं ऐकून माणसं आत गेली, तर? ह्या कानाचा मलेच भरोसा नाही. कचेरीत हे सांगता येत नाही. भितरा म्हणतात ते बरं हाय."

मी चौतीस वर्षांत जमवलेलं धीराचं एकही वाक्य मला आठवलं नाही. बरंच झालं.

तृप्तीनं गळ्यात अडकवलेले हेडफोन काढले आणि बापाच्या कानाला लावले. बारीकशी ती पट्टी त्याच्या मोठ्या डोक्यावर ताणून बसली. मग तिनं खेळ पुन्हा व्हरांड्यातल्या पहिल्या दारापासून लावला.

"बाबा, ऐका. नर्स दाराजवळ असली की आवाज बदलते. बंटीले समजत नाही. मले समजते. तुम्ही सांगा, दार उघडू का नको."

"पागल झाली का?"

"सांगा ना."

त्यानं डोळे मिटले. क्षणभरात त्याचा चेहराच बदलला. खाणीतली माणसं ज्या चेहऱ्याबद्दल बोलायची, तो मी पहिल्यांदा पाहिला. कपाळ सपाट, ओठ किंचित उघडे, जबड्याची हालचाल थांबलेली.

"नको," तो म्हणाला. "दारापाशीच हाय."

ती थांबली. मग म्हणाली, "आता?"

"आता दूर गेली. उघड."

दार उघडलं. कुणी नव्हतं. दुसऱ्या दाराशीही त्यानं बरोबर सांगितलं. तिसऱ्याशी तर तो म्हणाला, "थांब, उजव्या अंगानं येऊन राहिली," आणि खरंच उजवीकडून ती सावली भिंतीला घासत निघून गेली. तृप्तीच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. मलाही आत कुठंतरी सैल वाटायला लागलं. वाटलं, झालं, सुटला प्रश्न. गोष्टीत असंच होतं.

चौथ्या, तळघराच्या दाराशी त्यानं तसंच ऐकलं. "साफ हाय. जा."

तिनं दार उघडलं आणि ती बिनतोंडाची बाई थेट अंगावर आली.

मधुकरनं स्टूल मागे ढकललं, हेडफोनची वायर ताणली गेली, टेबलावरची पेन्सिलींची बरणी खाली पडून पेन्सिली सगळीकडे घरंगळल्या. तो उभा राहून धापा टाकत होता.

"पाहिलं सर?" तो माझ्याकडे बघून म्हणाला. "पाहिलं ना? चुकलो."

पडद्यावर लाल अक्षरं आली आणि खेळ पुन्हा चौथ्या दाराशी येऊन थांबला.

"इथं पुन्हा सुरू होते," मधुकर म्हणाला. "टेकाम नाही येत पुन्हा."

मी पेन्सिली उचलायला वाकलो. गुडघ्यांनी कुरकुर केली. खाली बसल्या बसल्या मला तृप्तीचे पाय दिसत होते. ते हलत नव्हते. रडते की काय, असं वाटून मी वर पाहिलं. ती रडत नव्हती. गणित अडलं की मुलं जशी वहीकडे बघतात, तशी ती पडद्याकडे बघत होती.

"बाबा, बसा," ती म्हणाली. "पुन्हा ऐका."

"नाही व, पुरे."

"एकच डाव."

तो बसला. का बसला कोण जाणे. तिनं पुन्हा हेडफोन त्याच्या कानाला लावले. या वेळी त्यानं फार वेळ घेतला. बाहेर मैदानावर पोरांचा हळू आवाजातला कबड्डीचा दम ऐकू येत होता.

"साफ हाय," तो अखेर म्हणाला. "आता उघड."

तृप्तीनं दार उघडलं नाही. तिनं हात पुढे केला, बापाच्या कानावरचे हेडफोन काढले आणि स्वतःच्या कानाला लावू लागली.

मधुकर चमकला. "काउन व? माझ्यावर भरोसा नाही तुले?"

"आहे ना."

"मग?"

"तरी ऐकते," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

मधुकरचा चेहरा आधी रागानं ताठला, ते मी पाहिलं. मग तो राग कुठं जावं ते न कळल्यासारखा तिथंच राहिला आणि हळूहळू ओसरला. तो पोरीकडे टक लावून बघत होता.

"सर," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "खाली हे कोणी करत नाही जी."

"काय?"

"माझ्या मागून ठोकत नाही कोणी. नियम हाय. पाळीचा मुकादम असते, त्यानं पुन्हा ठोकून पाहायचं. दोघानं ठोकल्याशिवाय माणूस आत सोडायचा नाही. पण मी ठोकल्यावर कोणी सब्बल उचललीच नाही. वाढईले वाईट वाटन म्हणून."

"आणि तुम्हाला वाटलं असतं?"

"वाटलं होतं." त्यानं पुन्हा कान चोळला. "एक डाव एका नव्या पोरानं ठोकलं होतं माझ्या मागून. सगळ्याइच्या समोर. मी त्याच्यासंग आठ दिवस बोललो नाही. मग त्यानं कधी ठोकलं नाही."

मी विचारलं नसतं तर बरं, पण मी विचारलं. "कोण होता?"

"टेकाम."

मी जमिनीवरच बसून होतो, हातात मूठभर पेन्सिली. मधुकर रडत नव्हता. गेले अडीच महिने जे ओझं तो दोन्ही कानांवर घेऊन बसला होता, ते त्यानं उतरवलं नव्हतं. पण ते नेमकं कशाचं आहे, एवढं त्याला आता दिसत होतं. माणसाचा चेहरा त्यानं हलका होत नाही. फक्त स्थिर होतो.

"सोमवारी जातो सर," तो म्हणाला. "उतरतो. पण ठोकायच्या आधी सगळ्याइले उभं करून सांगतो. माझ्या मागून ठोका. मले वाईट वाटलं तर वाटू द्या. मुकादम नसन तर दुसऱ्या कोणी ठोका, पण ठोकल्याशिवाय एकही माणूस—"

त्याचा आवाज चढत चालला होता. इतके दिवस न बोललेला माणूस. एकदा सुटला तो थांबेना.

तृप्तीच्या कानावर हेडफोन होते. तिला यातला एक शब्दही ऐकू गेला नव्हता, नुसता गलका जाणवला असावा. डोळे न उघडता तिनं डावा हात वर केला आणि पंजा आमच्याकडे धरला. गप्प.

आम्ही दोघं गप्प झालो. एक तिचा बाप, एक तिचा मास्तर.

ती ऐकत राहिली. बापानं घेतला होता त्याहून जास्त वेळ तिनं घेतला. मग डोळे उघडले, बापाकडे बघून एकदा मान हलवली, दार उघडलं, आणि या खेपेला बॅटरी न विझवता ती शेवटच्या पायरीपर्यंत खाली उतरली.